करवीरचे जुने नाट्यगृह

विषय म्हणून मी सुरतेतील नव्हे, कोल्हापुरातील वास्तू निवडली. मुलूख सोडून आलेल्या माणसाला आपली म्हणावी अशी एखादी वास्तू स्मरणात जपावी लागते, हे कोसाडच्या मराठी मंडळींना मी वेगळे सांगावयास नको.

राजर्षी शाहू छत्रपती 1902 साली युरोपात गेले. रोम येथील प्राचीन क्रीडागार त्यांच्या मनात भरले आणि त्याच धर्तीवर पुढे खासबाग कुस्ती मैदान उभे राहिले. त्याला लागूनच 1913 मध्ये नाट्यगृहाची पायाभरणी झाली व 1915 मध्ये 'पॅलेस थिएटर' खुले झाले. पहिलवान व नट एकमेकांच्या शेजारी! अल्लादियाखाँसाहेबांना आश्रय देणाऱ्या राजाला या शेजारात काही विसंगत वाटले नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

तत्पूर्वी फिरत्या नाटक मंडळ्यांना पुष्कळ ठिकाणी तात्पुरत्या मांडवातच प्रयोग करावे लागत. तेथे आवाज विरून जाई, पाऊस आला की खेळ मोडे. ध्वनिवर्धक नसलेल्या त्या काळात संगीत नाटकाचे सारे यश गळ्यावर अवलंबून होते. म्हणून प्रेक्षागृहात मध्ये खांब येऊ दिले नाहीत. दृष्टीला अडथळा नाही आणि स्वरालाही नाही.

कोल्हापुरात 1890 साली जन्मलेले केशवराव भोसले 'शारदा'च्या भूमिकेने बालवयातच गाजले. 1908 मध्ये त्यांनी हुबळीस 'ललितकलादर्श' स्थापिली. 1921 च्या जुलैत मुंबईस टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्वांसह 'संयुक्त मानापमान' केले आणि त्याच ऑक्टोबरात, अवघ्या एकतिसाव्या वर्षी, ते गेले. 1957 साली नाट्यगृहास त्यांचे नाव मिळाले.

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री, त्यांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येस, या वास्तूस आग लागली. रंगमंच व छत जळाले. दर्शनी दगडी भाग मात्र उभा राहिला. पुनर्बांधणी करण्याचे शासनाने ठरविले.

पण काय पुन्हा बांधावयाचे? दर्शनी भिंत जतन करणे सोपे, कारण ती डोळ्यांना दिसते. प्रेक्षागृहाची लांबी-रुंदी, छताची उंची आणि रंगमंचाचे लाकूड यांवर मात्र आवाजाचे वळण ठरते, आणि ते छायाचित्रात येत नाही. अग्निसुरक्षा आजचीच हवी, याविषयी दुमत नसावे. परंतु मोजमापे जुनीच राखावीत, असा माझा आग्रह आहे. नवे प्रेक्षागृह प्रथम ध्वनिवर्धक बंद ठेवून एखाद्या गायकनटाकडून तपासून घ्यावे. शेवटच्या रांगेत पद स्पष्ट ऐकू आले, तरच काम पुरे झाले असे मी मानीन.