वास्कोहून दुबई लागे, पेडणे नाही

१ एप्रिल २००२ रोजी भारतात इंटरनेटवरून फोन करायला परवानगी मिळाली, पण अर्धीच. वास्कोच्या सायबर कॅफेतल्या संगणकावरून दुबईतल्या फोनवर बोलणे कायदेशीर. त्याच संगणकावरून पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या घरातला फोन लावणे नियमबाह्य. दूरध्वनी कंपन्यांचे म्हणणे होते, की आम्ही परवान्याचे जबर शुल्क भरतो, इंटरनेट कंपन्या भरत नाहीत. मुद्दा खरा होता. पण ज्या गावची माणसे बोटीवर आणि आखातात, तिथे या बंधनाची किंमत ग्राहकाने मोजली, आणि हे अन्यायाचेच होते.

इंटरनेट कंपन्यांवरचे हे बंधन काढा, अशी शिफारस दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने २००८ मध्ये केली. दूरसंचार खात्याने २०१८ मध्ये वाट मोकळी केली, ती फोन सेवेचा परवाना असलेल्या कंपन्यांना. तोवर व्हॉट्सॲप कॉल घरोघर पोहोचला होता. अर्थात पलीकडचा कायदाही आडवा येतो: संयुक्त अरब अमिरातीत अशा कॉलवर निर्बंध आहेत.

इंटरनेटवरून बोलायचे तर जोडणीला वेग हवा. सरकारी व्याख्येत ‘ब्रॉडबँड’ म्हणजे किती वेग? २००४ मध्ये किमान २५६ किलोबिट, २०१३ मध्ये ५१२ किलोबिट, २०२३ पासून २ मेगाबिट प्रतिसेकंद.

तुमची जोडणी याहून मंद असेल तर कंपनीकडे तक्रार नोंदवा, तक्रार क्रमांक जपून ठेवा. उत्तर पटले नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जा. ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही.