नाताळचा गोठा आणि येळवशीची कोप

सणासुदीस घर सजविणें ही मनुष्याची फार जुनी हौस आहे. परंतु घर कशानें सजवावें आणि तें कोणीं सजवावें, या दोन प्रश्नांचा विचार आपण क्वचितच करतों. बाजारांत जावें, चार तयार माळा आणाव्या, दारावर टांगाव्या आणि सण सरतांच माळ्यावर टाकाव्या, इतकें तें काम आतां सोपें झालें आहे. घर त्यानें झगझगीत दिसतें खरें. पण तें सजलें, असें म्हणावयास आमची जीभ रेटत नाहीं. डिसेंबर महिना आला कीं समुद्रकांठच्या लहानशा कौलारू घरांतून नाताळची जी तयारी चालते, तिच्याकडे पाहिलें असतां या दोन्ही प्रश्नांचें समाधानकारक उत्तर मिळतें; म्हणून तिचा परिचय वाचकांस करून द्यावा, असें आम्हांस वाटलें.

तुळजापूरच्या डोंगरावर राहणारांस वसईच्या किनाऱ्याशीं काय कर्तव्य, असें कोणी म्हणेल. परंतु हा संबंध वाटतो तितका दूरचा नाहीं. जानेवारी २०२० मध्यें आमच्या धाराशिव, म्हणजे तेव्हांच्या उस्मानाबाद शहरीं ९३ वें अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलें, त्याचे अध्यक्ष वसई तालुक्यांतील नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे होते. 'सुबोध बायबल' लिहून मराठीची मोठी सेवा करणारे हे धर्मगुरु २०२४ सालीं निवर्तले. त्या तालुक्यांतील सामवेदी ख्रिस्ती लोक आपले पूर्वज सामवेदी ब्राह्मण होते असें परंपरेनें सांगतात आणि घरांत कादोडी ही मराठीचीच एक बोली बोलतात. वसई १५३४ सालीं पोर्तुगीजांकडे गेली व १७३९ सालीं चिमाजीअप्पांनीं ती जिंकून घेतली. मधल्या दोनशें वर्षांत पुष्कळांचा धर्म पालटला. केळीच्या वाड्या आणि माजघरांतली बोली मात्र पालटली नाहीं. 'नाताळ' हा शब्दच मुळीं पोर्तुगीजांचा, पण आज तो आपल्या पंचांगांतल्या शब्दांइतकाच मराठी झाला आहे.

या किनाऱ्यावरचें जुनें घर थोरामोठ्यांच्या वाड्यासारखें नसतें. दक्षिणेकडे गोव्यांत पाहावें, तर भिंती जांभ्या दगडाच्या, वर मंगळुरी कौलें, पुढें बसावयास 'बल्कांव' म्हणून ओटा, आणि जुन्या घरांच्या खिडक्यांस कांचेऐवजीं शिंपल्यांचे पातळ काप बसविलेले. अशा घराची नाताळांतील पहिली शोभा म्हणजे दारावरची चांदणी. गोव्यांत तिला 'नखेत्र' म्हणतात. आपलें नक्षत्र तें हेंच. ही चांदणी घरीं करणें अवघड नाहीं. बांबूच्या सारख्या लांबीच्या दहा कामट्या घ्याव्या. पांच-पांच कामट्यांच्या, पांच टोंकें असलेल्या दोन चांदण्या बांधाव्या, त्या एकमेकींवर ठेवून टोंकें दोऱ्यानें आवळावीं, आणि आंतल्या पांच सांध्यांवर बोटभर लांबीचे तुकडे दोहोंच्या मध्यें उभे बसवावे. म्हणजे चांदणी मधोमध फुगते व दिव्यास जागा होते. वर पतंगी कागद खळीनें चिकटवावा. दिवाळीचा आकाशकंदील ज्यानें एकदां केला आहे, त्यास हें निराळें शिकविण्याची गरज पडूं नये.

नाताळचें झाड ही मूळची जर्मन चाल. १८४८ सालीं व्हिक्टोरिया राणीच्या कुटुंबाचें अशा झाडाभोंवतालचें चित्र लंडनच्या एका साप्ताहिकांत छापलें गेलें आणि इंग्लंडांत तिचा प्रसार झपाट्यानें झाला. तिकडील सूचिपर्णी वृक्ष आपल्या किनाऱ्यावर कोठून मिळणार? तेव्हां येथल्या लोकांनीं समुद्रकांठच्या सुरूची फांदी तोडून ती कुंडींत रोवली. चाल परक्याची, पण फांदी आपल्या वाळूंतली, हा शहाणपणा आम्हांस विशेष आवडतो.

परंतु या सजावटीचा आत्मा झाडांत नाहीं, तो गोठ्यांत आहे. ख्रिस्ताचा जन्म गुरांच्या गोठ्यांत झाला, या कथेचा देखावा इटलींतील ग्रेच्चो गांवीं १२२३ सालीं संत फ्रान्सिस यांनीं गवत, गव्हाण, बैल व गाढव आणवून प्रथम उभा केला, असें सांगतात. तीच चाल फिरत फिरत आपल्या किनाऱ्यावर आली. येथें घरोघरीं भाताच्या पेंढ्यानें लहानसा गोठा शाकारतात. नाचणी किंवा गहू आठ-दहा दिवस आधीं उथळ परळांत पेरतात आणि नाताळपर्यंत जें तृण उगवतें, तेंच गोठ्यापुढचें कुरण होतें. २४ डिसेंबरच्या मध्यरात्रीपर्यंत गव्हाण रिकामी ठेवण्याची चाल पुष्कळ घरांतून आहे; बाळाची मूर्ति त्यानंतर तींत येते. घर कितीही सुखवस्तु असो, त्याची सर्वांत मानाची जागा त्या रात्रीं एका गवताच्या खोपटास मिळते.

हें वाचून आमच्या भागांतील वाचकांस कशाची आठवण झाली असेल, तें सांगावयास नकोच. मार्गशीर्षाच्या अमावास्येस, म्हणजे येळवशीस, धाराशिव-लातूरकडील शेताशेतांत कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी राहते. तिच्या आंत पांच दगड पांडव म्हणून मांडतात, त्यांची पूजा करतात, आणि उंडे, भज्जी व आंबील यांचा नैवेद्य दाखवून घरचीं व पाहुणीं सारीं माणसें शेतांतच जेवतात. तिकडे भाताचा पेंढा, इकडे ज्वारीचा कडबा. ज्या जमिनीचें जें धान्य, त्याच्याच काडीचें देवाचें घर. आणि परळांतलें तें तृण तर आपल्या घटाचें सख्खें भावंडच होय. एवढाच भेद कीं, देवघरांत ऊन पोंचत नसल्यामुळें घटाचे अंकुर बहुधा पिवळसर राहतात, कारण उजेडाशिवाय पानांत हिरवा रंग धरत नाहीं. गोठ्याच्या कुरणास हिरवेपणा हवा, म्हणून त्या परळास कोंवळें ऊन दाखवावें लागतें. गोव्यांत नाताळास नेवऱ्या करून शेजाऱ्यांकडे धाडतात. त्या म्हणजे आपल्या करंज्याच. त्याच करंज्या आपण नवरात्राच्या फुलोऱ्यांत देवीवर टांगतों.

परधर्मीयांच्या सणाचें हें कौतुक कशाला, असा आक्षेप येईल, हें आम्ही जाणून आहों. गोठा आपल्या घरीं मांडावा, असें आमचें म्हणणें नाहीं. आमचा मुद्दा निराळा आहे. वसईकडील गांवांतून गोठा करणें हें बहुधा तरुण मुलांच्या उत्साहाचें काम असतें, त्याच्या स्पर्धाहि होतात. येळवशीची कोपहि पुरुषांनींच बांधावयाची. मग घरांतल्या सणांचें काय? रांगोळी, फुलोरा, आरास, नैवेद्य हें सारें पुष्कळ एकत्र कुटुंबांतून सुनांच्याच माथीं येतें. पुरुषमंडळी तयार आराशीपुढें आरतीला उभी राहतात आणि मुलें तर केवळ प्रेक्षक. थकलेली सून मग बाजारचें प्लास्टिक तोरण आणते, आणि आपण तिलाच नांवें ठेवतों. दोष तिचा नाहीं. एकटीवर पडलेल्या कामाचा तो परिणाम आहे. महाराष्ट्र शासनानें २०१८ सालीं सजावटीसाठीं प्लास्टिक व थर्माकोल वापरण्यास बंदी केली, ती योग्यच झाली. परंतु कामाची वांटणी झाल्याशिवाय केवळ कायद्यानें घरांतलें प्लास्टिक जाणार नाहीं.

तुळजाभवानीच्या मंदिरांत पौष शुद्ध अष्टमीस घटस्थापना होऊन शाकंभरी नवरात्र बसतें. ३ जानेवारी २०२६ रोजीं शाकंभरी पौर्णिमा होती, म्हणजे येळवस, नाताळ आणि हें नवरात्र अवघ्या दोन आठवड्यांत आलीं. दीर्घ अवर्षणांत आपल्या देहांतून शाकभाज्या उपजवून जिनें लोकांस जगविलें, ती ही देवी; दुष्काळ पाहिलेल्या आमच्या जिल्ह्यास तिची थोरवी निराळी सांगावयास नको. तिच्यापुढें प्लास्टिकचीं फुलें शोभतील काय? पुढील पौषांत घरांतल्या आजीबाईंनीं नातवंडांकडून परळांत गहू पेरवावे, मुलग्यांनीं कामट्या तासून मखर बांधावें, त्यावर मेथी, गाजरें, घेवड्याच्या शेंगा व हरभऱ्याचे डहाळे गुंफावे, आणि यजमानांनीं बाजारांतून भाजी आणून थांबूं नये, ती निवडावयासहि बसावें. सण संपला कीं भाजी पातेल्यांत जाईल, अंकुर गुरांच्या मुखीं जातील आणि कामट्या पुढील वर्षासाठीं आढ्याला राहतील. ज्या घरांत असें एक काम सर्वांचे हात लागून पुरें होतें, तें घर दिवे लावण्यापूर्वींच सजलेलें असतें.