हिरडा, रापी आणि दोन सुया

भोर तालुक्यातल्या भोंगवलीहून पश्चिमेकडे निघालं आणि भोर मागे टाकलं की डोंगर चढत जातात, हिरडस मावळ लागतो. बाजीप्रभू देशपांड्यांचा हा मुलूख. इथल्या रानात हिरडा आहे, आणि हिरड्याचं फळ खोकल्यावर चघळायचं हे घरोघरी ठाऊक असतं. हेच फळ कातडं कमावायलाही लागतं, हे मात्र बऱ्याच जणांना नव्याने सांगावं लागतं.

हिरडा चघळला की तोंड आक्रसतं, कारण त्यातलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना पकडून बसतं. कातड्यातही तेच घडतं. तिथे पकड बसते कोलॅजेनवर, आणि एकदा ती बसली की कातडं सडत नाही. म्हणजे तुरट चव आणि टिकाऊ चप्पल यांच्यामागचं रसायन एकच.

कोल्हापूरकडच्या जुन्या पद्धतीत तर कातड्याचीच पिशवी शिवतात, तिच्यात बाभळीची साल आणि हिरडा यांचं पाणी भरतात आणि ती टांगून ठेवतात. पाणी आतून झिरपत बाहेर येतं आणि वाटेत कातडं कमावतं. क्रोमियमने कमावलेलं कातडं दिवसाभरात तयार होऊ शकतं, साल-फळांच्या पाण्याला आठवडे लागतात. घेताना ओळखायचं असेल तर कापलेली कड बघा: क्रोमचं कातडं आतून बहुधा निळसर-राखाडी, सालीचं तपकिरी. नक्षी उठवायची तर सालीचंच हवं. ते ओलं करून दाबलं की ठसा घेतं आणि वाळल्यावर तो धरून ठेवतं. क्रोमचं कातडं हा ठसा नीट टिकवत नाही.

अस्सल कोल्हापुरीत खिळा नसतो. तळाला म्हशीचं जाड कातडं, वेणीला शेळीचं मऊ, आणि शिवणही कातडी वादीची. तळ, पट्टा, अंगठा, कान, वेणी, गोंडा अशी तिच्या भागांची नावं. वेणीचं आणि सजावटीचं बारीक काम बहुतेक घरांत बाया करतात, आणि चपलेचं कौतुक होताना त्यांचं नाव क्वचितच निघतं. हे खटकतं, कारण चपलेवर डोळा आधी जातो तो त्यांच्याच कामावर. कापशी हा नावाजलेला प्रकार कागल तालुक्यातल्या सेनापती कापशीचा. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन दोन राज्यांत वाटलेलं आहे: महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. भोरची हद्द साताऱ्याला लागते, म्हणजे मानांकनाचा मुलूख इथून फार लांब नाही.

आता हाताकडे वळू. शिकणाऱ्याचा पहिला गुरू म्हणजे रापी, चर्मकाराची रुंद पात्याची सुरी. कातडं कापण्याआधी रापीला धार लावायला शिकावं लागतं, कारण बोथट पातं कातडं ओढतं आणि कड फाटते. पुढचं कसब कड तासण्याचं. दोन जाड थर एकमेकांवर ठेवून शिवले तर जोड उंचवट्यासारखा उभा राहतो, म्हणून कडा आधी पातळ करायच्या. पातं इथे जवळजवळ आडवं चालतं, थोडं खोल गेलं की तुकडा वाया. कारागिराचा हात ओळखायचा तर नक्षी नंतर बघावी, आधी कड बघावी.

शिवणीची गंमत आणखी निराळी. मशीनच्या शिवणीत दोन दोरे मध्ये एकमेकांना अडकतात, एक तुटला की ओळ उसवत जाते. हाताच्या खोगीर-शिवणीत एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया असतात. आरीने (टोच्याने) पाडलेल्या प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात. त्यामुळे एक टाका तुटला तरी बाकीचे आपापल्या जागी घट्ट. पॅरिसचं एर्मेस १८३७ मध्ये घोड्यांचा साज बनवत सुरू झालं, तिथल्या महागड्या पिशव्या आजही याच टाक्याने शिवतात.

हे कसब केवळ पायांपुरतं नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर कलावंत कातडं पातळ करून त्याच्या सावल्यांच्या बाहुल्या करतात. तिथले परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली.

आणि या कसबाचं वय? आर्मेनियातल्या अरेनी गुहेत साडेपाच हजार वर्षांपूर्वीचा बूट सापडला. गायीच्या एकाच कातड्याचा, कातडी वादीने आवळलेला, आत गवत भरलेलं.

भोरचं नाव नकली चामड्याशीही जोडलेलं आहे. भोर इंडस्ट्रीज ही कंपनी लेदरक्लॉथ बनवी. त्यासाठी लागणाऱ्या कच्च्या पीव्हीसी फिल्मवर अबकारी कर लागतो का, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९८९ मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला. जी वस्तू बाजारात विकण्याजोगी नाही, तिच्यावर कर नाही, हे तत्त्व सांगताना वकील आजही या खटल्याचा दाखला देतात.

जून २०२५ मध्ये मिलानच्या मंचावर प्राडा या फॅशन कंपनीने कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली, तीही कोल्हापूरचं नाव न घेता. संताप झाला आणि तो रास्त होता. डिसेंबरमध्ये प्राडाचा महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला: सुमारे २,००० जोड, प्रत्येकी साधारण ८०० युरो. आपल्याकडचं महामंडळ म्हणजे संत रोहिदासांच्या नावाचं, १९७४ पासूनचं. ज्या समाजाला या कामावरून शतकानुशतकं हिणवलं गेलं, त्याच्याच हातातली ही विद्या आहे. तिचा मोबदला त्या हातापर्यंत पोचणं हा करारातला सगळ्यात मोलाचा भाग असायला हवा.

शिकायचंच असेल तर मुंबईच्या शासकीय तंत्रनिकेतनात चर्म तंत्रज्ञानाची पदविका आहे. घरी सुरुवात करायची तर पट्ट्यापासून करा. कातडं पाठीकडचं मागा: ते दाट असतं, पोटाकडचं ताणलं जातं आणि पट्टा लवकर लोंबतो. दोरा शिवणीच्या लांबीच्या साधारण चौपट घ्या, मेण लावा, आणि प्रत्येक टाक्याला दोन्ही हातांनी सारखाच ओढा द्या. टाके वाकडे पडले तर बहुतेकदा आरी तिरकी गेलेली असते. भोकं पाडताना कातडं सपाट लाकडावर ठेवा आणि आरी सरळ उभी धरा.