आधी स्प्रिंग, मग नळी

ॲमस्टरडॅमच्या दक्षिणेला उइटहॉर्न गावात एक जुना किल्ला उभा आहे, फोर्ट आन दे ड्रेख्त. राजधानीभोवतीच्या ज्या तटबंदीला १९९६ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, तिचाच तो एक भाग. ही तटबंदी राखणाऱ्या डच सैन्यात १९२० च्या दशकात ‘एम २५’ नावाची पिस्तुलं आली. बेल्जियमच्या एफएन कारखान्यात घडलेली, मुळात जॉन ब्राउनिंगनं आखलेली. त्यांतलं धाकटं मॉडेल १९१० चं. सारायेव्होत जून १९१४ मध्ये ऑस्ट्रियाच्या आर्चड्यूकवर झाडलं गेलं ते याच जातीचं.

असं पिस्तूल नेदरलँड्समध्ये शौकानं बाळगायचं, तर नेमबाजी क्लबचं किमान वर्षभराचं सभासदत्व लागतं, आणि पुढेही वर्षाला १८ वेळा सराव. बंदूक आणि गोळ्या वेगवेगळ्या कुलपांत ठेवायच्या. २०११ मध्ये जवळच्याच आल्फेन आन देन रेइनमध्ये एका परवानाधारक नेमबाजानं मॉलमध्ये सहा जणांना ठार केलं, तेव्हापासून तपासणी आणखी कडक झाली. जाच वाटला तरी तो रास्तच आहे.

एनसीसीत रायफलचं ‘खोलना-जोडना’ घोकलेल्यांना पिस्तूल खोलण्याचा पुढचा क्रम ओळखीचा वाटेल. आधी मॅगझीन काढायचं, मग स्लाइड मागे ओढून चेंबर डोळ्यांनी पाहायचं आणि बोटानंही चाचपायचं. हा क्रम उलटला, तर मॅगझीनमधली नवी गोळी वर नळीत चढलेली असते आणि आपण निर्धास्त. आता खुबी १९१० ची: याची रिकॉइल स्प्रिंग नळीभोवतीच गुंडाळलेली असते, म्हणून पिस्तूल एवढं सुटसुटीत. तोंडाशी असलेली कडी आत दाबून फिरवली की ती सुटते. अंगठा ढिला पडला तर स्प्रिंग थेट खोलीच्या कोपऱ्यात! मग स्लाइड मागे नेऊन सेफ्टीच्या खटक्यानं अडकवायची, नळी फिरवून खाचांतून सोडवायची आणि खटका सोडून दोन्ही पुढे सरकवून काढायचं. हत्यार एकही लागत नाही.

जोडणं मात्र किचकट. फायरिंग पिन आणि तिची स्प्रिंग जागेवर धरून स्लाइड मागे सरकवताना दोन हात अपुरे वाटतात.

शेवटी रिकाम्या पिस्तुलाची परीक्षा. ब्राउनिंगनं यात तिहेरी सुरक्षा ठेवली: बाजूचा खटका, मुठीच्या मागची पट्टी आणि मॅगझीन. मॅगझीन बाहेर असताना चाप ओढला, तर काही होता कामा नये. पट्टी न दाबता ओढला, तरीही नाही. रिकामं मॅगझीन घालून, खटका खाली करून, मूठ घट्ट धरली की मगच ‘टक्’ असा आवाज यायला हवा. तो आधीच आला, तर पिस्तूल पुन्हा खोलायचं.