यकृताची ढाल, बशीत आणि पोटात

‘लिव्हर साफ करणाऱ्या’ कॅप्सूलच्या डबीवर जांभळं काटेरी फूल दिसलं, तर ते बहुधा मिल्क थिसलचं असतं. भूमध्य समुद्राकाठच्या या झाडाच्या बियांतून सिलिमारिन हे मिश्रण मिळतं. सिलिबिनिन हा त्याचा मुख्य घटक.

औषधं, दारू, विषं यांची मोडतोड करताना यकृताच्या पेशींत ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू तयार होतात. त्यांचा बंदोबस्त करणारं ग्लुटाथायॉन पेशीत असतं. पॅरासिटामॉल फाजील पोटात गेलं, की हाच साठा संपतो आणि पेशी मरू लागतात.

वनस्पतिद्रव्यं हे रेणू स्वतः टिपतात, असा सर्वसाधारण समज आहे. हळदीतल्या कर्क्युमिनची तऱ्हा वेगळी आणि जास्त गमतीची: ते पेशीला किंचित डिवचतं. त्या डिवचण्याने एनआरएफ-२ नावाचं प्रथिन मोकळं होतं, केंद्रकात शिरतं आणि ग्लुटाथायॉन बनवणारी जनुकं चालू करतं. संरक्षण पेशीच करते, द्रव्य फक्त तिला चिथावतं.

हे सारं प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत सुरेख दिसतं. पोटातून गेलेल्या सिलिमारिनचं मात्र फारच थोडं रक्तात मूळ रूपात उरतं. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत हेपॅटायटिस सी झालेल्या १५४ रुग्णांना २४ आठवडे सिलिमारिन किंवा बिनऔषधी गोळ्या दिल्या. नेहमीपेक्षा जास्त मात्रा देऊनही यकृताच्या एन्झाइमांत म्हणावा असा फरक पडला नाही.

युरोपात ‘डेथ कॅप’ ही विषारी अळंबी खाल्लेल्यांना मात्र सिलिबिनिन शिरेतून देतात. तिथे त्याचं काम वेगळंच: विष ज्या वाहक प्रथिनातून यकृताच्या पेशीत शिरतं, ते प्रथिनच सिलिबिनिन अडवतं.

‘नैसर्गिक म्हणजे निर्धोक’ हे तर मला मुळीच पटत नाही. २०२० च्या अखेरीस, कोविडकाळात गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवलं. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षावर आक्षेप घेतला. अमेरिकेत २०२२ मध्ये हळदीच्या गोळ्यांमुळे यकृताला इजा झालेले दहा रुग्ण नोंदले गेले; त्यांतल्या सात जणांत एक विशिष्ट जनुकीय खूण सापडली. भाजी-आमटीतली हळद या हिशेबात नाही, तिची काळजी नको.

कावीळ झाली किंवा लघवी गडद पिवळी होऊ लागली, तर डॉक्टरांकडे जाताना काढ्याची पुडी आणि कॅप्सूलची डबी दोन्ही सोबत न्या, विचारलं नाही तरी दाखवा.