गोंदियाच्या गिऱ्हाईकाला चिन्नोर पाठवताय? दुकानातली विक्री आणि पार्सलची विक्री एक नाही

बालाघाटच्या तांदूळ दुकानांत लगनसराईत हे हमखास घडतं. गोंदियाचे सोयरे लग्नाला येतात आणि जाताना पाच-दहा किलो चिन्नोर बांधून नेतात. पुढच्या वर्षी ते स्वतः येत नाहीत, व्हॉट्सॲपवर निरोप येतो : "भाऊ, मागच्यासारखाच दहा किलो पाठवून द्या, पैसे टाकतो." यूपीआयने पैसे जमा होतात आणि पिशवी पार्सलने रजेगावच्या पुलावरून महाराष्ट्रात जाते. दुकानदाराच्या हिशेबाने माल तोच, भाव तोच, गिऱ्हाईकही तेच. जीएसटीच्या हिशेबाने मात्र हा दुसराच व्यवहार झाला, आणि आपल्या भागातल्या बऱ्याच छोट्या दुकानदारांना ते नोटीस येईपर्यंत कळत नाही.

आधी नियम बघू. गिऱ्हाईक बालाघाटच्या काउंटरवर येऊन पिशवी उचलतं आणि बिलावर बाहेरच्या राज्याचा पत्ता नसतो, तेव्हा ती मध्यप्रदेशातली विक्री. मग ते गिऱ्हाईक गोंदियाचं असो की रायपूरचं. तीच पिशवी तुम्ही गोंदियाच्या पत्त्यावर पाठवली, की माल जिथे पोहोचतो ती जागा धरली जाते आणि विक्री आंतरराज्य होते. अंतर जेमतेम चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर असलं तरी फरक पडत नाही. बालाघाटहून जबलपूरला पाठवलेलं पार्सल राज्यातलं आणि शेजारच्या गोंदियाला पाठवलेलं परराज्यातलं, असा हा कारभार आहे.

आपल्या माणसांना हे खटकतं, आणि खटकण्यासारखंच आहे. 1867 साली बालाघाट जिल्हा तयार झाला तेव्हा त्यात भंडाऱ्याचाही भाग घेतला होता. 1956 पर्यंत आपण सगळे एकाच प्रांतात होतो आणि राजधानी नागपूर होती. नाती, बाजार, बोली अजून तशीच आहेत. पण कायदा नकाशा बघतो.

कोणाला किती लागतं?

फक्त माल विकणाऱ्याला वर्षाला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, हे सगळ्यांना पाठ आहे. पाठ नसतं ते पुढचं : करपात्र माल राज्याबाहेर विकला तर ही 40 लाखांची सूट लागू होत नाही. पहिल्याच पार्सलपासून नोंदणी हवी.

मग तांदूळ करपात्र आहे का? सुटा तांदूळ नाही. पण 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या, आधीच बांधून ठेवलेल्या पाकिटावर 5 टक्के कर आहे. इथे एक मोठा गैरसमज आहे. "माझा काही ब्रँड नाही, नुसती पांढरी पिशवी आहे, म्हणून कर नाही" असं बरेच जण सांगतात. 2022 आधी ब्रँडला महत्त्व होतं, आता नाही. वजनमाप कायद्याने ज्या पाकिटावर वजन, किंमत, पॅकिंगचा महिना, नाव-पत्ता छापणं बंधनकारक आहे, ते पाकीट करात येतं. तुम्ही छापलं नाही म्हणून सुटका होत नाही, उलट वजनमापवाल्यांकडून वेगळी विचारणा होऊ शकते.

उलट बाजूही बघा. वर्षभराचा तांदूळ एकदम भरणारी घरं गोंदिया-भंडाऱ्यात अजून आहेत. त्यांना 30 किलोचं पोतं गेलं तर ते 25 किलोच्या वर, म्हणून कर नाही. जो दुकानदार फक्त असा करमुक्त माल विकतो, त्याला परराज्यात पाठवायलाही नोंदणी लागत नाही. शेतकऱ्याने आपल्या बांधीतलं धान विकलं तर प्रश्नच नाही. पण धान मिलमधून काढून पाच-पाच किलोची पाकिटं करायला घेतली, तर शेतकरी आहोत म्हणून सूट मिळेलच असं गृहीत धरू नये. आधी विचारून घ्यावं.

खरी अडचण कंपोझिशनवाल्यांची

ज्यांच्या दुकानात "कंपोझिशन करदाता" अशी पाटी आहे, त्यांनी हा भाग नीट वाचावा. दीड कोटीपर्यंतच्या उलाढालीवर व्यापाऱ्याने 1 टक्का भरायचा आणि कटकट संपली, म्हणून ही योजना छोट्यांना आवडते. पण तिची एक अट अशी की परराज्यात विक्री करायची नाही. आणि ती अट फक्त करपात्र मालापुरती लिहिलेली नाही. म्हणजे नोंदणीच नसलेला माणूस 30 किलोचं पोतं गोंदियाला पाठवू शकतो, आणि नोंदणी करून इमाने इतबारे कर भरणारा कंपोझिशनवाला तेच पोतं पाठवायला गेला तर योजनेतून बाहेर पडतो. हा नियम जोधपूर-जयपूरच्या दुकानदाराला कदाचित जाणवतही नसेल, सीमेवरच्या जिल्ह्याला रोज बोचतो.

बाहेरून माल खरेदी करायला हरकत नाही, बंदी विकण्यावर आहे. पार्सल पाठवायचंच असेल तर सीएमपी-04 अर्ज भरून साध्या योजनेत यावं लागतं. अट मोडली गेली असेल तर सात दिवसांत. तसं न करता कंपोझिशनमध्येच राहिलात आणि पुढे सापडलात, तर मागचा पूर्ण कर, व्याज आणि वर दंड.

साध्या योजनेत गेल्याने नुकसान किती? हिशेबासाठी पाच किलोचं पाकीट 500 रुपयांना धरू. कंपोझिशनमध्ये 5 रुपये तुमच्या खिशातून जातात. साध्या योजनेत 25 रुपये कर लागतो, पण तो बिलात दाखवून गिऱ्हाईकाकडून घेता येतो, आणि पिशव्या, कुरिअर यांवर तुम्ही भरलेला कर वजा होतो. किलोमागे पाच रुपये जास्त द्यायला लागले म्हणून चिन्नोर मागवणारं गिऱ्हाईक तुटेल असं मला वाटत नाही. खरा खर्च कागदांचा आहे. पाच कोटींच्या आत उलाढाल असेल तर रिटर्न तिमाही भरता येतं, पण अकाउंटंटची फी वाढतेच. महिन्याला दोन-चार पार्सलं जात असतील तर हा खटाटोप परवडत नाही, मग गिऱ्हाईकाला "येऊन घेऊन जा" म्हणणं बरं. वीस-पंचवीस जात असतील तर पाटी बदलायची वेळ आली आहे.

नवी नोंदणी करणाऱ्यांसाठी एक सोय झाली आहे. 1 नोव्हेंबर 2025 पासून महिन्याचा कर अडीच लाखांच्या आत राहणाऱ्यांना तीन कामकाजाच्या दिवसांत नोंदणी मिळण्याची वाट खुली आहे.

कोण बघतंय?

असं वाटणाऱ्यांनी जुलै 2025 मधलं कर्नाटक आठवावं. तिथल्या वाणिज्य कर विभागाने यूपीआयवर जमा झालेल्या रकमांवरून हजारो छोट्या दुकानदारांना नोटिसा पाठवल्या. त्यात भाजी-दूध विकणारेही होते. करमुक्त माल विकणाऱ्यांना पुढे दिलासा मिळाला, पण आपला माल करमुक्त आहे हे दाखवायला हिशेब लागतो. सुट्या तांदळाची आणि पाकिटांची विक्री एकाच वहीत, एकाच क्यूआर कोडवर घेणाऱ्याने तो कुठून आणायचा? निदान दोन वह्या ठेवा.

वारासिवनीच्या विणकरांना मात्र थोडी मोकळीक आहे. हस्तकलेच्या यादीतला, मुख्यतः हाताने बनवलेला माल 20 लाखांच्या आतला विक्रेता नोंदणीशिवाय परराज्यात पाठवू शकतो. पॅन हवा, आणि माल कितीही कमी किमतीचा असला तरी ई-वे बिल काढायला हवं. आपलं कापड त्या यादीत बसतं का, हे एकदा तपासून घ्या.

आता विक्रीबद्दल, कारण एवढं सगळं करायचं ते धंद्यासाठी. चिन्नोर उशिरा येतो, उतारा कमी देतो. 2025-26 साठी साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला 2369 रुपये आहे. तो मिळवायला भरघोस उतरणारी जात लावलेली परवडते. चिन्नोर बांधीत टिकायचा तर नाव ओळखून जास्त पैसे मोजणारं गिऱ्हाईक हवं, आणि ते मोठ्या संख्येने नागपूर-गोंदियाकडे आहे. बालाघाटच्या चिन्नोरला 2021 मध्ये जीआय मानांकन मिळालं. ते नाव पाकिटावर हक्काने लावायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. फी फक्त 10 रुपये, पण अर्ज चेन्नईच्या कार्यालयाकडे जातो म्हणून लोक टाळतात. पलीकडे भंडाऱ्याच्या चिन्नोरलाही स्वतःचं मानांकन आहे, तेव्हा पाकिटावर नुसतं "चिन्नोर" न लिहिता "बालाघाट" ठळक लिहिणं शहाणपणाचं. व्हॉट्सॲप बिझनेसच्या फुकट कॅटलॉगमध्ये मराठी आणि हिंदी दोन्हीत माहिती टाका, नवा की जुना तांदूळ ते सांगा, कारण गोंदियाची गृहिणी पहिला प्रश्न तोच विचारते. "चिनोर" असंही लिहून ठेवा. शोधणारे तसंही शोधतात.

पाकिटावर एफएसएसएआय क्रमांक विसरू नका, छोट्या धंद्यासाठी ती नोंदणी साधी आहे. आणि एका खेपेत 50 हजारांवरचा करपात्र माल पुलापलीकडे जाणार असेल, तर गाडी निघायच्या आधी ई-वे बिल काढा.