बालचित्रकाराची वही आणि घरांतील वडील मंडळी

मुलानें काढलेलें हास्यचित्र हातीं घेऊन ‘छान आहे हो!’ एवढेंच म्हणणें आणि ‘हें काय, माणसाचें डोकें भोपळ्याएवढें?’ असें विचारणें, हीं दोन्ही उत्तरें आमच्या मतें सारखींच निरुपयोगी होत. पहिल्यानें मुलाला कांहींच कळत नाहीं. दुसऱ्यानें जें कळतें तें चुकीचें असतें.

यशोधराच्या जयमंगला टीकेंत चित्राचीं सहा अंगें सांगितलीं आहेत. त्यांत प्रमाण आहे, तसा भावहि आहे. हास्यचित्रांत भावासाठीं प्रमाण बुद्ध्या मोडलेलें असतें. १९२८ सालीं पडद्यावर आलेल्या मिकी माऊसला अंगठ्यासह चारच बोटें आहेत. त्यामुळें काढणारांचे श्रम वांचले, आणि पाहणारे कांहीं तीं मोजीत बसले नाहींत. तेव्हां डोक्याच्या आकाराबद्दल तक्रार न करतां, चेहऱ्यावरचा राग रागासारखा दिसतो कीं नाहीं, तें पाहावें.

आमच्या पुतण्याच्या बारा वर्षांच्या मुलानें एक हवालदार काढला. आम्हीं प्रथम विचारलें, “हा आतां काय करतो आहे?” “चोर निसटला म्हणून संतापला आहे, आजोबा.” चित्रांत मात्र हवालदार नुसता ताठ उभा, भुवया कपाळावर चढलेल्या. भुवया वर गेल्या म्हणजे आश्चर्य दिसतें. क्रोधाला त्या नाकाकडे उतराव्या लागतात. त्याच्या हातीं आरसा दिला व स्वतः रागावून पाहा म्हणून सांगितलें. पुढें आम्हांला बोलावेंच लागलें नाहीं. (सूनबाईंना मात्र हा आरशासमोरचा तमाशा फारसा रुचला नाहीं!)

दुसरी परीक्षा छायेची. पातळ कागद चित्रावर ठेवून बाह्यरेषा उतरून घ्यावी व आंतला भाग शाईनें भरून टाकावा. नुसत्या काळ्या आकारावरून पात्र ओळखूं आलें, तर रूपभेद हें अंग साधलें. हवालदाराचा दंडुका पोटावरच काढलेला असल्यामुळें तो शाईंत बुडाला. बाजूला काढतांच आकृति बोलूं लागली. मूळ चित्रावर वडिलांनीं पेन्सिल चालवूं नये. तें मग मुलाचें राहत नाहीं. एका बैठकींत एकच दोष सांगावा. तेंच पात्र पाठमोरें काढतां येतें कीं नाहीं, हें पुढच्या खेपेस.

शाबासकीहि नेमक्या गोष्टीबद्दल असावी. आर. के. लक्ष्मण यांनीं लहानपणीं शाळेंत काढलेल्या पिंपळाच्या पानाचें शिक्षकांनीं कौतुक केलें, आणि आपण चित्रकार होणार असें त्या मुलाच्या मनानें घेतलें. पुढें मुंबईच्या जे. जे. कलाशाळेनें त्यांना प्रवेश नाकारला, तरी हात थांबला नाहीं. त्यांचा चौकड्याच्या कोटांतला ‘कॉमन मॅन’ १९५१ पासून अर्ध्या शतकाहून अधिक काळ वर्तमानपत्रांत मुकाट्यानें उभा राहिला.

मोठ्या कुटुंबांत अडचण निराळीच. काका म्हणतात नाक लहान कर, आत्या म्हणते रंग भर, आणि चार दिवसांनीं वही दप्तराच्या तळाशीं जाते. यास्तव घरांत मत एकानेंच सांगावें. बाकीच्यांनीं, हसूं आलें तर, मनमुराद हसावें. त्यासाठींच तर त्यानें तें काढलेलें असतें.